जुनी डॅटसन, नवं इंजिन आणि मधल्या तेरा वायरी



जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवतोय असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो हॉर्सपॉवरचा, दुसरा खर्चाचा आणि तिसरा (हा हमखास आपल्या मराठी मंडळींचा), "पण कशाला?" वायरिंगबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. माझ्या पाहण्यातले असे जेवढे उद्योग अर्धवट राहिले, ते सगळे मात्र वायरिंगपाशीच अडले. भाड्याची क्रेन आणून इंजिन उचलून बसवायला दोन शनिवार पुरतात. मग त्याच्याबरोबर आलेला वायरींचा भारा जमिनीवर पसरला की भल्याभल्यांचा धीर सुटतो, आणि गाडी ताडपत्रीखाली जाते ती कायमचीच.

मला सांगायचंय ते एवढंच, की तो भारा दिसतो तेवढा भयंकर नसतो. खरी काळजी घ्यायची ती दुसऱ्याच ठिकाणी.

आधी थोडी ओळख. मी शिकलो इलेक्ट्रॉनिक्स, पोट भरतो सॉफ्टवेअरवर, राहतो डेट्रॉइटजवळ. गाडी आहे १९७२ ची डॅटसन २४०झेड. निस्साननं ही दोन सीटांची गाडी १९६९ च्या शेवटी अमेरिकेत आणली आणि १९७३ पर्यंत बनवली. मूळ इंजिन २.४ लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन कार्ब्युरेटरवालं. माझ्या गाडीतलं ते इंजिन मागच्या मालकाच्या हातीच निकालात निघालेलं होतं. शाबूत असतं तर मी त्याला हात लावला नसता. त्याच्या जागी आणलं २००२ च्या शेवरोले सिल्व्हरॅडो ट्रकमधलं ५.३ लिटरचं व्ही-८. जनरल मोटर्सनं या घराण्यातली इंजिनं लाखांनी बनवली, त्यामुळे इथल्या कुठल्याही भंगार यार्डात ते मिळतं आणि त्याच्या वायरिंगचे नकाशेही मिळतात. २००३ पासून बऱ्याच ट्रकांमध्ये ॲक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिक झाला. म्हणून मुद्दाम तारेच्या ॲक्सिलरेटरचं इंजिन शोधलं. तेवढीच एक डोकेदुखी कमी.

आता अडचणीची बाजू. आमचं गॅरेज घराला चिकटून आहे आणि त्याच्या बरोबर वर आमच्या कन्यारत्नाची झोपायची खोली. सौ.ने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "काय हवं ते बसव, पण रात्री त्यातून धूर येणार नाही याची खात्री दे." मी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात डॅशबोर्ड उघडला. कोणीतरी कधीतरी टेपसाठी, फॉग लाइटसाठी वायरी मध्येच सोलून जोड मारलेले होते. हेडलाइटच्या स्विचमागचं प्लास्टिक भाजून तपकिरी झालेलं. इंजिनाच्या बाजूला एका जोडावरची काळी टेप उकलली तर आतली तांब्याची तार चार इंच उघडी, आणि पेट्रोलची नळी तिथून वीतभर अंतरावर! त्यानंतर सौ.ची ती अट मला थट्टेची वाटली नाही.

दोन पिढ्यांचा संसार

१९७२ च्या गाडीत कॉम्प्युटर नाही. बॅटरी, स्विच, वायर, दिवा, एवढंच तिचं जग. पेट्रोलचा पंप इंजिनावरच बसवलेला, इंजिनाच्या फिरण्यावर चालणारा. ठिणगीसाठी एक कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर. स्पीडोमीटरला केबल. २००२ च्या इंजिनाचा सगळा कारभार मात्र पीसीएम नावाच्या डब्याकडे. त्याला दोन कनेक्टर, प्रत्येकी ८० पिनांचे. आठ सिलिंडरना आठ कॉइल, आठ इंजेक्टर, क्रँकशाफ्टच्या एका फेरीत २४ खुणा मोजणारा सेन्सर, शिवाय हवेचं, पाण्याचं तापमान वगैरे.

आपल्यापैकी बहुतेकांनी नोकरीत हेच काम केलेलं आहे. कुठलीतरी तीस-चाळीस वर्षांची जुनी सिस्टिम, तिला नवी सिस्टिम जोडायची, आणि धंदा एक दिवसही बंद ठेवायचा नाही. अशा वेळी आपण दोन्हींच्या पोटात शिरत नाही. दोघांच्या मधली सीमारेषा आखतो आणि तिच्यावरून काय काय जातं-येतं त्याची यादी करतो. इथंही तसंच. पीसीएम आणि इंजेक्टर यांचं आपसात काय बोलणं चालतं, ते त्यांच्या मूळ हार्नेसमध्ये ठरलेलंच आहे. त्यात बोट घालायचं कारण नाही. आपला प्रश्न फक्त हार्नेसमधून बाहेर पडून गाडीकडे जाणाऱ्या वायरींचा.

मी ती यादी केली तेव्हा आकडा आला तेरा. नऊ पीसीएमच्या हार्नेसमधल्या: कायमचा १२ व्होल्टचा पुरवठा, किल्ली फिरवल्यावर मिळणारे १२ व्होल्ट, अर्थिंग, पेट्रोल पंपाचा रिले, दोन पंख्यांचे दोन रिले, आरपीएमच्या काट्याची वायर, चेक इंजिनचा दिवा आणि लॅपटॉप जोडायच्या सॉकेटची डेटा वायर. उरलेल्या चार थेट इंजिनाकडून: स्टार्टर, अल्टरनेटरची जाड वायर, तापमानाच्या काट्याची आणि ऑइल प्रेशरच्या काट्याची. बास. तेरा आकडा ऐकून सौ. म्हणाली, "तीन तेरा वाजले नाहीत म्हणजे मिळवलं."

टेबल टेनिसच्या टेबलावर

ट्रकचा हार्नेस मी तळघरातल्या टेबल टेनिसच्या टेबलावर पसरला आणि लॅपटॉपवर एक तक्ता उघडला. पिन नंबर, वायरीचा रंग, कुठून, कुठे, कशासाठी आणि निर्णय (ठेवायची, काढायची, लांबवायची). जनरल मोटर्सची रंगांची शिस्त चांगली आहे. गुलाबी म्हणजे किल्लीचा पुरवठा, नारिंगी म्हणजे कायमचा, काळी म्हणजे अर्थिंग. तरी रंगावर विसंबायचं नाही, मल्टिमीटर लावून दोन्ही टोकं पक्की करायची. ओळ पूर्ण भरल्याशिवाय कात्री उचलायची नाही, हा नियम. संध्याकाळचे दोन-दोन तास धरून यात तीन आठवडे गेले.

ट्रकला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता, मी बसवला सहा गिअरचा मॅन्युअल. त्यामुळे गिअरबॉक्सच्या बऱ्याच वायरी रद्द झाल्या. वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन वायरी मात्र ठेवायच्याच. गाडी पळतेय की उभी राहतेय हे पीसीएमला त्यावरून कळतं. ती माहिती मिळाली नाही तर सिग्नलला थांबताना इंजिन गचके देतं, कधी बंदही पडतं. चोरी रोखण्यासाठी पीसीएम ट्रकच्या दुसऱ्या एका कॉम्प्युटरची परवानगी मागत असतो. तो कॉम्प्युटर आता नाही, त्यामुळे परवानगीची ती अट लॅपटॉपवरून काढून टाकावी लागते. नाहीतर इंजिन क्षणभर सुरू होतं आणि बंद पडतं, आणि माणूस वायरींमध्ये नसलेला दोष शोधत बसतो.

हार्नेस गाडीत घालण्याआधी टेबलावरच पीसीएमला फ्यूजमधून १२ व्होल्ट दिले, अर्थिंग दिलं आणि डेटा वायरीवरून लॅपटॉप जोडला. बोलला! या वायरीवरचा जे-१८५० प्रोटोकॉल सेकंदाला १०.४ किलोबिटनं चालतो, म्हणजे आपल्या जुन्या डायल-अप मोडेमपेक्षाही रमतगमत. पण त्या दिवशी मला तो ब्रॉडबँडहून प्रिय वाटला. याला आपण युनिट टेस्ट म्हणतो. गाडीखाली पाठीवर झोपून शोधावा लागणारा दोष टेबलावर खुर्चीत बसून सापडला तर कोणाला नको?

खरी जोखीम जुन्या बाजूला

नव्या बाजूच्या वायरी कारखान्यात विचार करून बनवलेल्या असतात. घात होतो तो जुन्या बाजूला. चार गोष्टी विशेष लक्षात ठेवण्यासारख्या.

पहिली, किल्लीचा पुरवठा कुठून घ्यायचा. जुन्या गाडीत कॉइलच्या आधी एक बॅलास्ट रेझिस्टर असतो. त्याच्या पुढून वायर घेतली तर मीटर नुसता लावल्यावर १२ व्होल्ट दाखवतो, पण भार पडला की व्होल्टेज ढासळतं. दुसरं असं, की किल्ली 'स्टार्ट'ला नेली की रेडिओसारखे काही फाटे बंद होतात. पीसीएमला तिथून पुरवठा दिला तर स्टार्टर फिरतो आणि नेमका त्याच वेळी कॉम्प्युटर झोपतो. म्हणून 'ऑन' आणि 'स्टार्ट' दोन्हींत जिवंत राहणारी वायर मीटरनं शोधायची, आणि तिनं फक्त एक रिले चालवायचा. पीसीएम, कॉइल, इंजेक्टर यांना करंट त्या रिलेतून, थेट बॅटरीकडून. पन्नास वर्षं जुन्या किल्लीच्या स्विचवर नवा भार टाकायचाच नाही.

दुसरी, अँमीटर. २४०झेडमध्ये चार्जिंगचा करंट डॅशबोर्डमधल्या अँमीटरमधून फिरून येतो, आणि त्याच्या काट्याची मजल ४५ अँपिअरपर्यंत. नवा अल्टरनेटर शंभराच्या वर देऊ शकतो. तो सगळा करंट गुडघ्यांच्या वरून नेणं म्हणजे चुलीवर हात धरून बसणं. मी अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत मोठा फ्यूज घालून जाड वायर टाकली, अँमीटर वगळला आणि त्याच्या जागी व्होल्टमीटर बसवला.

तिसरी, पेट्रोलचा पंप. जुन्या कार्ब्युरेटरला तीन-चार पीएसआय दाब पुरे, या इंजिनाला ५८ लागतो. म्हणजे टाकीत विजेचा पंप आला आणि मागे टाकीपर्यंत पाचेक मीटर वायर आली. इथं शाळेतला ओहमचा नियम कामाला येतो. १८ गेजच्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण २१ मिलिओहम. पाच मीटरचे झाले १०५. पंपानं १० अँपिअर ओढले तर एक व्होल्ट वाटेतच खलास, आणि त्याची उष्णता वायरीत. तीच वायर १२ गेजची घेतली तर पाव व्होल्ट जातो. फरक किमतीत काही डॉलरचा.

याहून महत्त्वाचं म्हणजे पंपाचा रिले कोणी चालवायचा. किल्ली फिरवल्यावर पीसीएम पंप दोनेक सेकंद चालवून बंद करतो आणि क्रँकशाफ्ट फिरतोय असं दिसलं तरच पुन्हा सुरू करतो. अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबतो. बरेच जण सोपं पडतं म्हणून पंप थेट किल्लीवर जोडतात. मग गाडी उलटली, नळी फुटली, तरी किल्ली 'ऑन' आहे तोवर पंप पेट्रोल ओततच राहतो. एका वायरीचा आळस, पण किंमत केवढी!

चौथी, काटे. २४०झेडचा आरपीएमचा काटा व्होल्टेज बघत नाही. कॉइलकडे जाणारी वायर त्याच्या पाठीमागून वळसा घेऊन जाते आणि तो तिच्यातल्या करंटचे ठोके मोजतो. पीसीएमकडून येतात व्होल्टेजचे ठोके. शिवाय सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीला तीन ठिणग्या, आठच्या इंजिनात चार. भाषाही वेगळी, हिशेबही वेगळा. मी तबकडी जुनीच ठेवून आतलं यंत्र बदललं. तापमान आणि ऑइलच्या काट्यांसाठी मात्र जुनेच सेन्सर नव्या इंजिनावर अडॅप्टर लावून बसवले. पीसीएमचा थर्मामीटर वेगळा, माझा वेगळा. दोघांचं भांडण नाही.

बाबांचा एकच प्रश्न

बाबा एमएसईबीतून निवृत्त झाले (२००५ मध्ये बोर्डाच्या कंपन्या झाल्या, त्याच्या आधीपासूनचे ते). रविवारच्या फोनवर मी उत्साहानं सेन्सर, रिले, प्रोटोकॉल असं बरंच काही सांगायचो. ते शांतपणे ऐकून दर वेळी एकच विचारायचे, "अर्थिंगचं काय केलंस?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. गाडीत परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्राच. इंजिन बसतं रबराच्या माउंटवर, म्हणजे पत्र्यापासून तुटलेलं. आणि मिशिगनमध्ये थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खातं. वरून घट्ट दिसणाऱ्या बोल्टखाली गंज असतो. तिथं एक मिलिओहम रोध जरी उरला, तरी स्टार्टरचे दोनशे अँपिअर वाहताना ०.२ व्होल्ट पडतात. सेन्सरचं सगळं गणित पाच व्होल्टांत चालतं, त्यात ०.२ म्हणजे लबाडीच. पीसीएम खोट्या माहितीवर खरे निर्णय घेऊ लागतो.

उपाय अगदी साधा. बॅटरी ते इंजिन, इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी अशा तीन जाड पट्ट्या. प्रत्येक ठिकाणी रंग आणि गंज खरवडून धातू लख्ख करायचा, बोल्ट आवळायचा, मग वरून ग्रीस. पीसीएमचं आणि कॉइलचं अर्थिंग कंपनीनं दिलेल्या जागी, इंजिनाच्या हेडवरच. तपासणीही सोपी. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनावर, आणि कोणालातरी स्टार्टर मारायला सांगायचं. ०.२ च्या खाली राहिलं पाहिजे. माझं ०.०८ आलं. बाबांना फोनवर आकडा सांगितला तेव्हा म्हणाले, "आता पुढचं सांग." तोवर सहा महिने त्यांनी पुढचं काहीच मनावर घेतलं नव्हतं!

फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, यंत्राला नव्हे, हेही त्यांचंच वाक्य. म्हणून फ्यूज बॅटरीजवळ हवा, आणि त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरवायचा. घरातली साधी पीव्हीसी वायर इंजिनापाशी वापरू नये. गाडीसाठीची जीएक्सएल किंवा टीएक्सएल वायर १२५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. जोड शक्यतो नकोतच. लागले तर योग्य क्रिम्पिंग टूलनं दाबलेले, वर उष्णतेनं आवळणारी गोंदाची नळी. नुसता सोल्डर केलेला जोड थरथरीनं कडेला तुटतो. काळ्या टेपला आमच्या गॅरेजमध्ये प्रवेश बंद आहे.

पहिला चटका

सुरू करण्याचा दिवस आला तरी लगेच स्टार्टर मारायचा नाही. आधी किल्ली 'ऑन' करून लॅपटॉपवर सेन्सर वाचायचे. थंड इंजिनाच्या पाण्याचं तापमान गॅरेजमधल्या हवेइतकंच दिसलं पाहिजे. बंद इंजिनात मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्या हवेइतका, म्हणजे आमच्याकडे ९८-९९ किलोपास्कल. ॲक्सिलरेटर दाबला की आकडा शून्यापासून शंभरापर्यंत सलग चढला पाहिजे. मग इंजेक्टरचे फ्यूज काढून नुसता स्टार्टर फिरवायचा. लॅपटॉपवर आरपीएम दिसला म्हणजे क्रँकचा सेन्सर बोलतोय, आणि ऑइलचा काटा उठला म्हणजे इंजिनाच्या पोटात तेल पोचतंय. हे सगळं जमलं, मगच फ्यूज परत. हाताशी आग विझवायचं सिलिंडर, गॅरेजचं दार उघडं.

तिसऱ्या सेकंदाला इंजिन सुरू झालं. कन्या वरच्या खिडकीतून टाळ्या वाजवत होती आणि सौ. बॅटरीकडे नाक नेऊन वास घेत होती. कसलाच वास नव्हता.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी बॅटरीवर एक मुख्य स्विच बसवलाय, तो गाडी गॅरेजमध्ये आली की आजही बंद करतो. सौ. झोपण्याआधी एकदा विचारते, मी हो म्हणतो. तेवढं तिचं समाधान, आणि खरं सांगायचं तर माझंही.

कोणाला असा उद्योग करायचा असेल तर दोन गोष्टी. आपल्या राज्याचा कायदा आधी बघा. मिशिगनमध्ये खाजगी गाड्यांची वार्षिक तपासणी नाही, पण कॅलिफोर्नियात १९७६ आणि नंतरच्या मॉडेलच्या गाड्यांना स्मॉग तपासणी लागते आणि इंजिन बदललं असेल तर रेफरीकडे जावं लागतं. आणि इंजिन विकत घ्यायच्या आधी, कोऱ्या कागदावर आपल्या गाडीसाठीची ती तेरा-चौदा वायरींची यादी लिहून काढा. ती एका बैठकीत लिहिता आली तर खुशाल क्रेन मागवा. अडलात तर जिथं अडलात तिथला नकाशा शोधा. कागदावर अडणं फुकट असतं.

माझा तक्ता आणि हातानं काढलेला नकाशा मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. ही गाडी पुढेमागे दुसऱ्या कोणाच्या हातात जाईल, आणि त्याच्याही गॅरेजवर कोणाची तरी खोली असेल.